तक्ता पूर्ण वाचता येतो, मग पायरी का चुकते?

भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ वाचता आली की माणूस निर्धास्त होतो. नजर ६/६, म्हणजे डोळे ठणठणीत. पण त्याच माणसाची उतरताना पायरी चुकते, टेबलाचा कोपरा रोज त्याच मांडीला लागतो, गर्दीत माणसं बाजूने अचानक उगवल्यासारखी समोर येतात. घरचे म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुमचं?" काही महिन्यांनी त्यालाही वाटू लागतं की वयामुळे आपण वेंधळे झालो.

यातलं काहीच तक्त्याला कळत नाही, कारण तक्ता नजरेच्या अगदी मधल्या भागाचीच परीक्षा घेतो. हात सरळ लांब करून अंगठा उभा धरलात तर नखाची रुंदी साधारण २ अंश भरते. बारीक अक्षरं वाचणारी नजर एवढीच. बाकी सगळं, म्हणजे मान आणि डोळा न हलवता आजूबाजूचं जे जाणवतं ते, दृष्टिक्षेत्र. आजाराने या क्षेत्रात कुठे भोक पडलं, म्हणजे तिथलं दिसेनासं झालं, की पायरी चुकते. एका डोळ्याचं क्षेत्र कानाच्या बाजूला ९० ते १०० अंश, नाकाच्या बाजूला सुमारे ६०, वर ६० आणि खाली ७० ते ७५ अंश असतं. दोन्ही डोळे मिळून आडवा पल्ला १८० अंशांच्या आसपास किंवा थोडा जास्तच होतो. त्यातले मधले साधारण १२० अंश दोन्ही डोळ्यांच्या वाट्याला येतात. पुढचं समजायला हा सामाईक भाग लक्षात ठेवावा लागेल.

भोक दिसत का नाही?

एक सोपा प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद डोळ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर आणा. थोडं मागेपुढे केलं की ठिपका नाहीसा होतो. दृष्टीची नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. हा अंधबिंदू मधोमध नजरेपासून १५ अंशांवर असतो. ठिपक्याच्या जागी काळं भोक दिसलं का? नाही, कोरा कागद दिसला. मेंदूने शेजारचा रंग आणि पोत घेऊन ती जागा लिंपून टाकली.

आजाराने पडलेल्या भोकांचंही असंच होतं. एका डोळ्यात जिथे दिसत नाही तिथे दुसरा डोळा बघत असतो; दोन्हीकडे एकाच जागी गेलं असलं तरी मेंदू लिंपण घालतोच. त्यात काचबिंदूसारखा (ग्लॉकोमा) दृष्टीच्या नसेचा आजार इतक्या सावकाश सरकतो की काल आणि आज यांत फरक जाणवावा असं काही नसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात काचबिंदूच्या ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला यातलं कसं दिसतं? काळ्या कडांच्या बोगद्याचं किंवा काळ्या डागांचं चित्र एकानेही निवडलं नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी काही भाग धूसर असलेलं चित्र निवडलं, काहींनी काही वस्तू गायब असलेलं, आणि २६ टक्क्यांना आपल्याला काही कमी दिसतंय याचीच जाणीव नव्हती.

म्हणून माहितीपत्रकांतलं ते काळ्या बोगद्याचं चित्र आम्हाला उपयोगापेक्षा अपायाचं वाटतं. ते पाहून माणूस म्हणतो, मला तर असा काळोख दिसत नाही, म्हणजे मी बरा आहे. खरी खूण वेगळीच असते: वस्तू 'अचानक' येतात. बाजूने येणारी सायकल हळूहळू जवळ येताना दिसत नाही, ती एकदम समोर असते. मांडलेला पेला तिथे नव्हताच, आणि मग धक्का लागून सांडतो.

चाचणीचा कागद कसा वाचायचा

दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट किंवा पेरिमेट्री, अर्धगोल पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात होते. एक डोळा झाकतात, मधल्या खुणेकडे बघत राहायचं असतं आणि बाजूला ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. बहुतेक ठिकाणी वापरतात त्या २४-२ (मधल्या साधारण २४ अंशांच्या) चाचणीत ६ अंशांच्या अंतराने ५४ जागा तपासल्या जातात आणि एकेक ठिपका ०.२ सेकंद दिसतो. यंत्र प्रत्येक जागी ठिपका मंद करत जेमतेम दिसेल अशा पातळीला आणतं. त्यामुळे निरोगी माणसालाही बरेचसे ठिपके दिसत नाहीत. हे आधी कोणी सांगितलं नाही, तर माणूस घाबरून दिसलं नाही तरी बटण दाबत सुटतो आणि अहवाल खऱ्यापेक्षा चांगला येतो.

मोजमाप डेसिबलमध्ये असतं. ० म्हणजे यंत्राचा सर्वांत प्रखर ठिपका. ३० म्हणजे त्याच्या हजारपट मंद ठिपकाही दिसला. दर ३ डेसिबलला प्रखरतेत साधारण दुपटीचा फरक पडतो. सगळ्या जागांची तुलना त्याच वयाच्या निरोगी लोकांशी करून एक सरासरी आकडा काढतात, तो कागदावर 'एमडी' (मीन डेव्हिएशन, म्हणजे सरासरी फरक) म्हणून छापलेला असतो. निरोगी डोळ्यात तो शून्याच्या आसपास राहतो. काचबिंदूमध्ये −६ पर्यंत सौम्य, −६ ते −१२ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे.

हा आकडा फसवतो, आणि अनेक मार्गांनी. पहिली चाचणी सरावाअभावी बहुधा वाईट येते, म्हणून सुरुवातीला लागोपाठ दोन तरी करून घ्याव्यात. पापणी खाली ओघळलेली असेल तर वरचा भाग खोटाच गेलेला दिसतो. ती चिकटपट्टीने उचलून धरावी लागते. समोर बसवलेली चष्म्याची काच डोळ्यापासून लांब राहिली तर तिच्या कडेची सावली कडेने रिंगण उमटवते. मोतीबिंदू सगळीकडेच दोनचार डेसिबल खातो, आणि तो काढला की तेवढे परत मिळतात, पण नसेच्या आजाराचं भोक तसंच राहतं. आजार किती वेगाने सरकतोय हे एका कागदावरून कळत नाही. नव्याने निदान झालेल्या काचबिंदूत पहिल्या २ वर्षांत ६ चाचण्या कराव्यात असं तज्ज्ञ सुचवतात ते याचसाठी. वेगाने ढासळणारा डोळा त्यातून लवकर ओळखू येतो.

आणखी एक मर्यादा. २४-२ मध्ये मधल्या १० अंशांत फक्त १२ जागा येतात. वाचन, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच १० अंशांत चालतं. 'कागद बरा आहे पण वाचताना अक्षरं गळतात' अशी तक्रार असेल तर १०-२ चाचणी मागून घ्यावी. त्यात २ अंशांच्या अंतराने ६८ जागा त्याच मधल्या भागात तपासतात.

कुठलं गेलं यावर सगळं अवलंबून

एमडी −८ असलेली दोन माणसं घ्या. एकाचा वरचा भाग गेला आहे, दुसऱ्याचा खालचा. आकडा सारखाच, पण दिवस अगदी वेगळे जातात.

खालचा भाग गेला की पाय कुठे पडतोय ते जाणवत नाही. आपण चालताना पायांकडे बघत नाही असं आपल्याला वाटतं, पण नजरेच्या खालच्या कडेने मेंदू सतत पुढच्या दोनतीन पावलांची जमीन चाचपत असतो. तेच थांबलं की उंबरठा, पायपुसण्याची मुडपलेली कड, जमिनीवर बसलेलं मूल, शेवटून दुसरी पायरी, सगळंच धोक्याचं होतं. काचबिंदू असलेल्या वयस्कर लोकांच्या ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात पडण्याचं प्रमाण खालच्या भागातल्या नुकसानीशी जोडलेलं आढळलं. वरच्या भागाचं नुकसान तुलनेने सोसवतं. उघडं राहिलेलं वरचं कपाट, झाडाची लोंबती फांदी, वर टांगलेल्या पाट्या आणि सिग्नल एवढ्यांनी ते त्रास देतं.

मधोमध जातं तेव्हा उलटा प्रकार. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये, म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजण्याच्या आजारात, माणूस घरभर न धडपडता फिरतो, पण समोरच्याचा चेहरा ओळखत नाही. ओळखीचे लोक म्हणतात, हल्ली आखडूपणा आलाय. रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आनुवंशिक आजारात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेने रिंगण जातं आणि शेवटी मधलं वर्तुळ उरतं. अशी व्यक्ती वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचते आणि चालताना पांढरी काठी वापरते. बघणाऱ्यांना ते सोंग वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या डोळ्याचं क्षेत्र मध्यापासून १० अंशांपेक्षा जास्त उरलं नसेल, तर मधली नजर शाबूत असूनही त्याला अंधत्वच म्हणतात.

पक्षाघातानंतर मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली तर दोन्ही डोळ्यांतली एकच बाजू जाते, सगळं डावं किंवा सगळं उजवं. रुग्ण म्हणतो, उजव्या डोळ्याने दिसत नाही. खरं तर दोन्ही डोळे ठीक असतात. दृश्याचा उजवा अर्धा भाग मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून चष्मा बदलून काही साधत नाही. देवनागरीसारख्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या लिपीत उजवी बाजू गेली तर जास्त अडतं, कारण डोळा पुढची काही अक्षरं आधीच चाचपून कुठे उडी घ्यायची ते ठरवतो. ते बंद झालं की वाचन अडखळत, तुकड्यातुकड्यांत चालतं. डावी बाजू गेली असेल तर ओळ वाचता येते, पण पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही.

राहता राहिला दोन डोळ्यांचा हिशेब. एका डोळ्याचं भोक दुसऱ्याने झाकलं जात असेल तर दोन्ही कागद वाईट दिसूनही रोजचा दिवस बरा जातो. भोकं एकमेकांवर आली की दिवस अवघड होतो. त्यामुळे अहवाल बघताना दोन्ही कागद मनात एकमेकांवर ठेवून बघावेत, म्हणजे एकाच जागी दोन्हीकडे काळं (न दिसणारा भाग कागदावर काळा छापतात) आहे का ते कळतं.

जीवनमान मोजतात तरी कसं

'आरोग्याशी निगडित जीवनमान' हा शब्द जड आहे, पण त्यात विचारायचं एवढंच असतं: या आजारामुळे तुमचं चालणं-फिरणं, काम, लोकांत मिसळणं, मन आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं यांत काय बदललं? दृष्टीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली २५ प्रश्नांची आहे, व्हीएफक्यू-२५. चालताना बाजूच्या वस्तू लक्षात येतात का, मंद उजेडात पायऱ्या उतरता येतात का, गच्च भरलेल्या फळीवरची वस्तू सापडते का, आपलं बोलणं ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते कळतं का, असे प्रश्न. गुण ० ते १००.

उलट ईक्यू-५डीसारख्या सर्वसाधारण प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची देखभाल, नेहमीची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य अशी पाच अंगं असतात. दिसण्याबद्दल थेट प्रश्नच नसतो. दृष्टिक्षेत्र बरंच गेलेला माणूसही तिथे 'ठीक' म्हणून सुटतो. अशा आकड्यांवर उपचारांच्या खर्चाचे निर्णय होतात तेव्हा डोळ्यांच्या आजारांवर अन्याय होतो, असं आमचं मत आहे.

लॉस एंजेलिसमध्ये चाळिशीपुढच्या सहा हजारांहून जास्त लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) रहिवाशांची पाहणी झाली. त्यात दृष्टिक्षेत्र जितकं कमी तितके व्हीएफक्यूचे गुण कमी, असा उतार दिसला. अमुक रेषेपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम घसरण, असं झालं नाही. सौम्य नुकसानीतही फरक होता. काचबिंदूच्या रुग्णांमध्ये मधल्या भागाच्या नुकसानीने कडेच्या नुकसानीपेक्षा गुण जास्त खाली गेले. सगळ्यांत बोलका भाग पुढे आहे: आपल्याला काचबिंदू आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचेही गुण कमी होते. म्हणजे 'आजाराचं नाव ऐकून खचले' हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. निदान होण्याआधीच आयुष्य आक्रसायला लागलेलं असतं, फक्त त्याला कारण सापडलेलं नसतं.

ते आक्रसणं कसं होतं बघा. एकदा पडता पडता वाचल्यावर माणूस संध्याकाळनंतर बाहेर जाणं टाळतो. मग अनोळखी ठिकाणं, मग लग्नकार्यातली गर्दी. चालणं घटलं की पायातली ताकद घटते, आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. वाचनातही असंच. काचबिंदूत चार ओळी सहज वाचल्या जातात, त्यामुळे तपासणीत काही सापडत नाही. अर्धा तास वाचायला बसलं की वेग मंदावतो, डोळे शिणतात आणि पुस्तक मिटलं जातं. गाडी सोडावी लागणं हा तर स्वतंत्र घाव. अनेक देशांत परवान्यासाठी दोन्ही डोळे मिळून किमान १२० अंशांचं आडवं क्षेत्र लागतं. ते दोन्ही डोळे उघडे ठेवून, बहुधा १२० ठिपक्यांच्या एस्टरमन चाचणीने तपासतात.

एक गोष्ट लोक डॉक्टरांपासूनही लपवतात. दृष्टी बरीच गेलेल्या काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: जाळीदार नक्षी, छोटी माणसं, चेहरे, प्राणी. आवाज नसतो, आणि हे खरं नाही याची जाणीव बहुधा असते. हा वेडाचा प्रकार नाही आणि बाहेरची बाधाही नाही. डोळ्याकडून येणारी माहिती आटली की मेंदूचा दृष्टीचा भाग स्वतःहून चित्रं उमटवतो. स्विस निसर्गअभ्यासक चार्ल्स बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याची नोंद केली आणि त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. नुसतं कारण समजलं तरी बऱ्याच जणांची भीती ओसरते.

काय करता येतं

काचबिंदूत गेलेलं दृष्टिक्षेत्र परत येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातला दाब उतरवून उरलेलं राखायचं असतं. पक्षाघातानंतर थोडंफार परत येतं, पण बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत; सहा महिन्यांनंतर फारशी आशा नसते. बाकीचं काम उरलेली नजर नीट वापरण्याचं आहे.

खालचा भाग गेलेल्यांनी सगळ्यांत आधी चष्मा तपासावा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग हातभर अंतरावर वाचण्यासाठी असतो. पावलं त्याच्या तिप्पटचौपट लांब असतात. म्हणजे आधीच अर्धवट दिसणाऱ्या जागेवर आपणच धूसर काच धरतो. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. पायऱ्यांच्या कडेला पायरीच्या रंगाहून ठळक वेगळी पट्टी लावावी, पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तर नक्कीच. कठडा खालच्या पायरीच्या थोडा पुढपर्यंत असावा. जिन्यात उजेड सगळीकडे सारखा हवा. एकच प्रखर दिवा डोळ्यावर आला तर पायरी आणखी बुडते. सुटी पायपुसणी काढून टाकावीत. घरच्यांनी सामानाची जागा न सांगता बदलू नये, आणि दार एकतर पूर्ण उघडं ठेवावं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते.

एक बाजू गेलेल्यांना नजर फिरवायचा सराव करावा लागतो. नेमका क्रम असा: खोलीत शिरण्यापूर्वी थांबायचं, न दिसणाऱ्या बाजूला एकाच मोठ्या झेपेत शेवटच्या टोकापर्यंत नजर न्यायची आणि मग तिथून हळूहळू दिसणाऱ्या बाजूकडे यायचं. लोक उलट करतात, दिसणाऱ्या बाजूने सुरुवात करून छोट्या छोट्या उड्यांनी पुढे सरकतात आणि मध्येच थांबतात. त्यामुळे टोक कधीच बघितलं जात नाही. नुसती मान वळवूनही भागत नाही, कारण मान वळली तरी डोळे मागेच रेंगाळतात. हा सराव रोज, आठवडेच्या आठवडे करावा लागतो. वाचताना डावी बाजू नसेल तर समासाला रंगीत पट्टी किंवा बोट ठेवून दर ओळीला तिच्यापर्यंत परत यायचं. उजवी नसेल तर काही जणांना कागद आडवा फिरवून ओळी उभ्या करून वाचणं जमतं. बैठकीत किंवा जेवायला बसताना लोक दिसणाऱ्या बाजूला येतील अशी खुर्ची निवडावी. चष्म्याच्या काचेवर वर आणि खाली, मधली जागा मोकळी सोडून, ताकदवान प्रिझमच्या, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेच्या, पट्ट्या चिकटवण्याची दृष्टिसंशोधक एली पेली यांची पद्धत आहे. ४० डायॉप्टरच्या (प्रिझमची ताकद मोजायचं एकक) प्रिझमने न दिसणाऱ्या बाजूचं सुमारे २० अंश दृश्य दिसणाऱ्या भागात आणता येतं. ते सवयीचं व्हायला वेळ लागतो, आणि सगळ्यांना मानवत नाही.

पांढरी काठी वापरायला पूर्ण अंध असावं लागत नाही. ती जमीन चाचपते आणि समोरच्याला न बोलता सांगते, ही दोन्ही कामं अर्धवट दिसणाऱ्यालाच जास्त उपयोगी पडतात.

तपासणीला जाताना जुने सगळे फील्ड टेस्टचे कागद तारखेनुसार लावून न्यावेत आणि 'दिसायला कसं आहे?' या प्रश्नाला नुसतं 'ठीक' म्हणू नये. गेल्या महिन्यात कुठे धडकलात, कुठे पाय चुकला, काय करणं सोडलं, हे त्यातल्या बाजूसकट सांगावं: डावीकडे की उजवीकडे, वर की खाली. डॉक्टरांना त्यावरून कागदावरचा काळा भाग आणि तुमचा दिवस यांची सांगड घालता येते. थेंबांमुळे डोळे चुरचुरत असतील, नाडी मंदावली असेल किंवा दम लागत असेल तर तेही तिथेच सांगावं. टिमोलॉलसारख्या थेंबांनी हे होऊ शकतं आणि औषध बदलता येतं. परस्पर बंद मात्र करू नये.

वरचं सगळं सावकाश होणाऱ्या नुकसानीबद्दल झालं. एखाद्या बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, ठिणग्या चमकल्या किंवा काळे ठिपके अचानक वाढले, तर डोळ्यातला पडदा (रेटिना) जागेवरून सुटलेला असू शकतो. एकाएकी अर्धं दृश्य गेलं, सोबत बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. दोन्हीत उद्यावर टाकू नये. पडद्यासाठी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. पक्षाघाताच्या शंकेत तर डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट आपत्कालीन विभाग गाठावा आणि लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं ते तिथे सांगावं.